थेंब बुडतो, पण रक्त कळत नाही : राज्य रक्त संक्रमण परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. संचालक व सदस्य, राज्य रक्त संक्रमण परिषद, महाराष्ट्र;
तसेच मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या रक्तकेंद्रांचे वैद्यकीय अधिकारी

विषय : रक्तदात्याच्या रक्तातले आनुवंशिक दोष आयुष्यात एकदा तपासून दाता कार्डावर नोंदवण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून अठ्ठावीस वर्षं काम केलं आणि आता निवृत्त आहे. त्यातली निम्मी वर्षं तरी शिबिरांत गेली. मारुतीच्या मंदिराचा सभामंडप, झेडपीची शाळा, साखर कारखान्याचं गेस्ट हाऊस, मोंढ्यातलं हमाल भवन, जिथं सतरंजी अंथरता आली तिथं आम्ही खाटा मांडल्या. सुरुवातीची बरीच वर्षं माझं काम एका निळ्या पाण्याच्या ग्लासाशेजारी बसायचं होतं. ते मोरचुदाचं पाणी. दात्याच्या बोटाला सुई टोचायची, थेंब नळीत ओढायचा आणि वरून हळूच त्या पाण्यात सोडायचा. पंधरा सेकंदांत थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर (शंभर मिली रक्तात इतके ग्रॅम), माणूस रक्त द्यायला चालतो. तरंगत राहिला तर परत पाठवायचा. पाण्याची घनता १.०५३ ठेवलेली असते, त्यावर हे सगळं गणित चालतं. आता बोटाच्या थेंबावर आकडा दाखवणारी यंत्रं आली आहेत. पण रक्तात हिमोग्लोबिन किती, एवढंच ती सांगतात. ते हिमोग्लोबिन कसलं आहे, ज्या पेशींत भरलंय त्या पेशी कशा आहेत, हे निळं पाणीही सांगत नव्हतं आणि यंत्रही सांगत नाही.

त्यानंतर पिशवीची जी तपासणी होते ती आपल्याला तोंडपाठ आहे. रक्तगट, आणि एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग, मलेरिया हे पाच आजार. या पाचांची तपासणी सक्तीची झाली, त्यामुळे किती जीव वाचले ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण हे पाचही दात्याला बाहेरून लागलेले आजार. आईबापांकडून रक्तातच जे आलं, त्याची तपासणी आपल्या साखळीत सक्तीची नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

एका प्राथमिक शिक्षकाची गोष्ट सांगतो. त्यांचं नाव-गाव सांगण्याचा मला अधिकार नाही. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं शिबिर असलं की मास्तर पहिल्या खाटेवर. वर्षातून दोनदा तरी रक्त द्यायचेच. हिमोग्लोबिन नेहमी तेराच्या आसपास. थेंब बुडायचा, आम्ही पिशवी घ्यायचो, प्रमाणपत्र द्यायचो, एकदा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला. चाळीसच्या वर वेळा त्यांनी रक्त दिलं. लेक त्यांनी सख्ख्या बहिणीच्या घरी दिली होती. आपल्याकडं हे घरोघर आहे. मामाची पोर करायची, आत्याच्या घरी द्यायची, नातं घट्ट राहतं म्हणतात. लेकीला मुलगा झाला. सात-आठ महिन्यांत पोरगं पांढरं पडायला लागलं, पोट वाढलं. शहरात नेऊन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी केली तेव्हा निदान झालं, थॅलेसेमिया मेजर. आई आणि बाप दोघांकडून दोष आला की होणारा, जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगायला लावणारा आजार. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. लेक वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेली, स्वतः ठणठणीत; जावईही वाहक. आणि मास्तर स्वतः वाहक, त्यांची बहीणही वाहक.

त्यानंतर मास्तर रक्तपेढीत आले ते नातवाला रक्त न्यायला. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “चाळीस वेळा माझं रक्त घेतलंत तुम्ही. एकदाही नीट बघितलं नाही का हो?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणून आपल्याला लिहितोय.

वाहकाचं रक्त आपल्या चाचणीतून सहज कसं सुटतं तेही सांगतो. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाच्या लाल पेशी लहान असतात, प्रत्येकीत हिमोग्लोबिन कमी भरलेलं असतं. ती तूट शरीर पेशींची संख्या वाढवून भरून काढतं. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साध्या माणसाच्या पन्नास लाख, तर याच्या साठ लाखांपर्यंत पेशी. एकूण हिमोग्लोबिन बऱ्याच पुरुषांत साडेबाराच्या वर राहतं आणि थेंब बुडतो. माणूस धडधाकट असतो, शेतात राबतो, कबड्डी खेळतो. त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो, आणि म्हणूनच त्याला कधी कळतही नाही. देशात सरासरी शंभरातले तीन-चार लोक असे वाहक आहेत आणि दरवर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. मराठवाड्यात रक्ताच्या नात्यातल्या सोयरिकी किती होतात हे मी आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता पिशवीचा हिशेब बघा. साडेतीनशे मिलीच्या पिशवीत, दात्याचं हिमोग्लोबिन साडेपंधरा असेल तर चोपन्न ग्रॅम हिमोग्लोबिन येतं. तेरा असेल तर साडेपंचेचाळीस. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईला किंवा अपघातातल्या जखमीला या आठ-नऊ ग्रॅमनं काही अडत नाही. पण जे लेकरू दर तीन आठवड्यांनी जन्मभर रक्तावर जगतं, त्याला वर्षाला सतरा पिशव्या लागतात असं धरा. सतराच्या सतरा कमी भराच्या आल्या तर वर्षाला दीडशे ग्रॅमची तूट, म्हणजे जवळपास तीन पिशव्या. त्या तीन पिशव्यांसाठी आणखी तीन खेपा, तीन नवे दाते. दाता वाढला की त्या लेकराच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होण्याची जोखीमही वाढते, आणि ती एकदा झाली की जुळणारं रक्त शोधताना बापाचा जीव मेटाकुटीला येतो. सेलू, वसमत, केज, उदगीर अशा गावांहून एसटीनं लेकरू मांडीवर घेऊन येणारे आईबाप आपण पाहिले आहेत. एका खेपेला मजुराचा एक रोज बुडतो, कधी दोन.

दुसरा दोष याहून लपलेला. जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर (एन्झाइम) लाल पेशींत असतं. लाल पेशीला केंद्रक नसतं, स्वतःची दुरुस्ती करायला तिच्याकडं फारसं काही नसतं. ऑक्सिजन वाहता वाहता जी झीज होते तिच्यापासून वाचायला तिला या एका विकराचाच आधार. ज्यांच्यात ते कमी असतं असे जगात सुमारे चाळीस कोटी लोक आहेत. हा दोष आईकडून मुलात येतो, म्हणून पुरुषांत जास्त दिसतो, आणि आपले दाते तर बहुतांश पुरुषच. आपल्या देशात सापडणाऱ्या त्याच्या एका प्रकाराला जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत ‘केरळ-कल्याण’ म्हणतात. त्यातलं कल्याण आपलंच. असा माणूसही एरवी ठणठणीत. मलेरियावरचं प्रायमाक्विन घेतलं किंवा डांबराच्या गोळ्या पोटात गेल्या, तर मात्र पेशी फुटतात, लघवी काळी होते, कावीळ दिसते.

आता हे रक्त पिशवीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की काय होतं? दोन ते सहा अंशांवर, पोषक द्रावणात आपण लाल पेशी ४२ दिवस ठेवतो. एवढे दिवस त्या पेशी बाहेरच्या कुठल्याही मदतीविना झिजेशी झुंजत असतात. २०२० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे निरोगी स्वयंसेवकांवर तपासलं. ज्याचं रक्त त्यालाच ४२ दिवसांनी परत चढवलं आणि २४ तासांनी किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजलं. ज्यांचं विकर पुरेसं होतं त्यांच्या सरासरी शंभरातल्या पंच्याऐंशी पेशी टिकल्या. ज्यांचं कमी होतं त्यांच्या अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. अमेरिकेत ही मर्यादा ७५ ची आहे, म्हणजे सरासरीनं हे रक्त मर्यादेच्या वरच राहिलं. मला उगाच घबराट पसरवायची नाही. पण पेशी चोवीस तासांत फुटली म्हणून तिच्यातलं लोह शरीराबाहेर जात नाही. आपल्या साडेतीनशे मिलीच्या पिशवीत दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम लोह असतं. ज्या लेकराला सततच्या रक्तानं अंगात साठलेलं लोह उतरवायच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्याला पेशींचा फायदा कमी आणि लोहाचा भार मात्र पूर्ण. आणि नवजात बाळाची कावीळ उतरवायला त्याचं सगळं रक्त बदलताना हेच रक्त वापरलं, तर पेशी फुटून जी कावीळ उतरवायची तीच पुन्हा वाढते.

तिसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकून ताठरण्याच्या आनुवंशिक दोषाची. तिच्याबद्दल आपल्याला सर्वांत जास्त माहिती आहे, तरी लिहितो, कारण माझ्या हातातली ती पिशवी मी विसरलेलो नाही. किनवटकडच्या एका शिबिरातून आलेलं रक्त. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पांढऱ्या पेशी गाळून काढायच्या होत्या, म्हणून फिल्टर लावून पिशवी टांगली. अर्ध्या-पाऊण तासात गळून जायला हवं होतं. ते तसंच अडकून राहिलं. नळी दाबून पाहिली, पिशवी उंच केली. सकाळी येऊन पाहतो तर निम्मं रक्त वरच. फिल्टर खराब असेल म्हणून दोन्ही फेकून दिलं. काही महिन्यांनी पुन्हा तसंच झालं, आणि रजिस्टर काढून पाहिलं तर दाता तोच. तेव्हा कुठं हिमोग्लोबिन द्रावणात विरघळतं की पाणी गढूळ राहतं ते बघायची साधी चाचणी केली. तो सिकलचा वाहक निघाला. मी वरिष्ठांना म्हटलं, त्याला कळवायला पाहिजे. “आपलं ते काम नाही,” एवढंच उत्तर मिळालं. मी गप्प बसलो. त्याचं लग्न झालं असेल आता, पोरं असतील.

वाहकाचं रक्त शरीरात निमूट वाहतं. पण पिशवीतल्या द्रावणातलं सायट्रेट आम्लता वाढवतं, पेशीतलं पाणी ओढलं जातं, शिरेतून घेतलेल्या रक्तात ऑक्सिजन आधीच कमी असतो. अशा वेळी सिकलचं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कडक होतं, पेशी ताठरतात आणि जाळीतून जात नाहीत. गळालं नाही ते रक्त वाया गेलं, महागडा फिल्टरही गेला. आणि न गाळता ते सिकलच्याच रुग्णाला रक्तबदलासाठी दिलं, तर ज्या हिमोग्लोबिनचं प्रमाण खाली आणायचं तेच आपण पुन्हा भरतो. किनवट, माहूर, हिमायतनगर, कळमनुरीच्या पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान, आंध राहतात. हा दोष त्यांचा अपराध नाही. मलेरियाच्या जंगलात ज्यांच्या रक्तात हे वळण होतं ते तापातून तगले, त्यांचीच लेकरं पुढं वाढली. थॅलेसेमिया आणि जी-सिक्स-पीडी यांचीही कहाणी बरीचशी अशीच आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सतरा राज्यांत, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट ठरलं, आणि त्यात महाराष्ट्र आहे. आरोग्य खात्याचे लोक पाड्यापाड्यावर जाऊन रक्त तपासतात, कार्ड देतात. तेच कार्ड खिशात घेऊन पोरगा आपल्या शिबिरात येतो आणि आपण त्याला ते मागतसुद्धा नाही. निदान मी तरी कुणी मागितलेलं पाहिलं नाही. एकाच खात्याची दोन माणसं एकमेकांच्या नोंदी वाचत नाहीत, हे मला फार लागतं.

आणि ज्यांना आपण परत पाठवतो त्यांचं काय? हे कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. महाविद्यालयातलं शिबिर असलं की एनएसएसच्या मुली हौसेनं रांगेत उभ्या राहतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचा थेंब तरंगतो. आम्ही ठरलेलं वाक्य म्हणतो, “ताई, हिमोग्लोबिन कमी आहे, पालक खा, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या घ्या.” ती हिरमुसून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा येते, पुन्हा तरंगतो. बहुतेकींना खरोखरच लोह कमी असतं, त्यांना गोळ्या हव्यातच. पण त्यांच्यात थॅलेसेमियाच्या वाहक मुलीही असतात, आणि त्यांचा थेंब पालकानं बुडणार नसतो. त्यांना आपण तीन वर्षं पालक खायला सांगून चौथ्या वर्षी लग्नाच्या मांडवात पाठवतो. नवराही वाहक निघाला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता मेजरची. ती मुलगी स्वतःच्या पायानं रक्त द्यायला आपल्या दारात आली होती, रक्ताचा थेंब आपल्या काचेवर होता.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक दात्याची, पहिल्या दानाच्या वेळी, आयुष्यात एकदाच तपासणी व्हावी : हिमोग्लोबिनचा प्रकार आणि जी-सिक्स-पीडी. निकाल दाता कार्डावर आणि ई-रक्तकोशच्या, म्हणजे रक्तपेढ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत सांकेतिक खुणेनं जावा. पिशवीवर तीच खूण असावी, म्हणजे रक्तपेढीतला माणूस कोणती पिशवी नवजात बाळाला, सिकलच्या रुग्णाला किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला द्यायची नाही हे रात्री दोन वाजताही एका नजरेत ओळखेल. ज्यांचा थेंब तरंगतो त्यांचीही तपासणी व्हावी. आणि हिमोग्लोबिन पुरेसं असलेल्या वाहकाला दाता म्हणून नाकारू नये. यावर मी अडून बसणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ च्या दाता निवडीच्या सूचनांत हेच म्हटलं आहे : सिकलचा वाहक, त्रास न झालेला जी-सिक्स-पीडीवाला, हे रक्त देऊ शकतात; फक्त त्यांचं रक्त ठरावीक रुग्णांना द्यायचं नाही. मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि ऊसतोडीचे लोक नुकतेच परतलेले असताना, रक्तपेढीचं फ्रिज उघडलं की काय दिसतं ते मला ठाऊक आहे. एकही दाता कमी व्हावा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. वाहकाच्या प्लाझ्माला आणि प्लेटलेटला यातली कुठलीच अडचण नाही, आणि लाल पेशी बाकीच्या असंख्य रुग्णांना खुशाल चालतात.

खर्चाचं म्हणाल, तर सगळ्यांची एचपीएलसी करा असं मी म्हणत नाही. थॅलेसेमियाच्या चाळणीसाठी ०.३६ टक्क्यांचं मीठपाणी पुरतं. परीक्षानळीत दोन मिली पाणी, त्यात रक्ताचा एक थेंब, अर्धा तास थांबायचं, मागं पांढऱ्या कागदावर काळी रेघ धरायची. साध्या रक्ताच्या पेशी फुटून पाणी स्वच्छ लाल होतं, रेघ दिसते. वाहकाच्या पेशी फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. लोह कमी असलं तरी कधीकधी असंच होतं, म्हणून गढूळ निघालेले नमुनेच तेवढे पुढं एचपीएलसीला पाठवायचे. सिकलची विरघळण्याची चाचणीही अशीच रेघ पाहून होते. जी-सिक्स-पीडीसाठी ठिपका चाचणी आहे, कागदावर रक्ताचा ठिपका अतिनील दिव्याखाली चमकतो की नाही ते बघायचं. दात्याला नवी सुईसुद्धा टोचायची नाही. तपासणीसाठीच्या नळ्या आपण पिशवीबरोबर भरतोच. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आठ जिल्ह्यांचे गढूळ नमुने या चार ठिकाणी आठवड्यातून एकदा पोचवणं अशक्य नाही.

एक काळजी मात्र घ्यावीच लागेल, आणि तिच्यावाचून हे सगळं उलटं अंगावर येईल. निकाल दात्याला एकट्याला, बंद खोलीत, समजावून सांगायचा. शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, मंडळाच्या अध्यक्षाकडं नाही, सरपंचाकडं तर नाहीच. गावात “तिच्या रक्तात दोष आहे” एवढं एक वाक्य पसरलं की मुलीचं लग्न मोडतं, मुलाचं मोडत नाही. हे आपलं गाव आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे, आणि वाहकानं बिनवाहकाशी लग्न केलं तर मुलाला मेजर होत नाही, हे समजावून सांगणारा प्रशिक्षित समुपदेशक प्रत्येक रक्तकेंद्रात हवा. एचआयव्हीसाठी समुपदेशक नेमताना आपल्याला हे जमलं. सायप्रससारख्या छोट्या देशानं वाहक शोधून, जोडप्यांना वेळेवर सांगून थॅलेसेमियाची बाळं जन्मणं जवळपास थांबवलं. त्यांना त्यासाठी मुद्दाम तपासणी मोहीम उभारावी लागली. आपल्याकडं महाराष्ट्रात देशातलं सर्वाधिक रक्त गोळा होतं, म्हणजे लाखो तरुण दरवर्षी स्वतःहून दंड पुढं करतात.

मास्तरांचा नातू आता शाळेत जातो. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. मास्तर अजून रक्त देतात, त्यांनी स्वतःच मला विचारलं होतं, “माझं रक्त आता चालेल का?” मी म्हटलं, चालेल, फक्त या पोरांना नाही, दुसऱ्याला देऊ. त्यांच्या जुन्या दाता कार्डाच्या मागच्या बाजूला मी हातानं ‘थॅलेसेमिया वाहक’ असं लिहून सही केली. त्या कार्डावर असं लिहायला रकानाच नाही. तो रकाना आपण छापावा.

येत्या १७ सप्टेंबरला मराठवाड्यात जागोजागी शिबिरं होतील. परिषदेनं एका तरी जिल्ह्यात त्या दिवशी हे करून पाहावं. परभणी, हिंगोली, नांदेड, जिथं म्हणाल तिथं मी स्वखर्चानं येतो. मीठपाणी बनवून आणतो, नळ्या आणतो, रेघ कशी बघायची ते पोरांना शिकवतो. दिवस आणि ठिकाण तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
परभणी जिल्हा